न पाहिलेल्या झाडाचं फळ

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आत्या फाट्यापर्यंत आली, पण गाडीच्या वाटेकडे तिने पाहिलं नाही. रस्त्याकडेच्या मोहाखाली उभी राहून ती झाडाच्या शेंड्याकडे पाहत राहिली, जसं काही आम्ही नाही, झाडच कुठे निघालं होतं. मोहफुलं पडायचे दिवस होते. झाडाखालची जमीन कोणीतरी झाडून साफ केली होती आणि तिच्यावर पहाटेची फुलं पडली होती. मीना तेव्हा आठ वर्षांची. ती वाकून फुलं फ्रॉकच्या घोळात भरायला लागली. "राहू दे, दुसऱ्याचं झाड हाये थे," आत्या म्हणाली. आमच्याकडे रानातल्या प्रत्येक मोहाला घर असतं. कोणाचं झाड कोणतं, ते लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

आत्या म्हणजे माझी सासू. ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देतात, म्हणून लग्नाआधी ती आत्या होती आणि लग्नानंतरही आत्याच राहिली. माझे सासरे लवकर गेले. मीनाचे बाबा तेव्हा लहान होते, म्हणून घरात मोठ्या माणसाने करायचं ते सगळं आत्याच करत आली.

मुलचेऱ्याकडून गाडी आली. मीनाच्या बाबांना कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हरचं काम मिळालं होतं. आधी माजरीला, मग चंद्रपूरला. त्यांनी पेटी वर चढवली. आत्याने खिडकीतून माझ्या मांडीवर गाठोडं ठेवलं. त्यात वाळलेली मोहफुलं होती, आणि बाटलीत टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. मग ती म्हणाली, "सोमे, तिकडं नवं काई खाशीन त पयले मले सांगशीन. मंग खाशीन."

गाडी हलली. मी मान हलवली. रडायला नंतर आलं, आष्टी गेल्यावर.

ज्यांना आमचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नवं फळ, नवं धान्य हाताला आलं म्हणून कोणी तोंडात टाकत नाही. आंब्याचा पंडुम होईपर्यंत आंबा खायचा नाही. पंडुम म्हणजे सण. गावाचा पुजारी गावदेवापुढे करतो, आणि मग प्रत्येक घरात मोठं माणूस पुरख्यांची, म्हणजे वाडवडलांची, नावं घेऊन पहिला घास जमिनीवर ठेवतं. त्यानंतर घर खातं. आमच्या घरी याला 'उघडणं' म्हणतात. आंबा उघडला, शेंगा उघडल्या, नवे तांदूळ उघडले. न उघडलेलं खाल्लं तर काय होतं, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मला विचारावंसं फार वाटतं, लहानपणापासून. पण तोंड उघडत नाही. शाळेतही असंच होतं. चौथीपर्यंत गेले, आणि चारही वर्षं प्रश्न मनातच राहिले.

मीनाच्या नर्सिंगच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यात हे लिहिते आहे. गावी राहिलेल्यांना हे कोणी वाचून दाखवणार नाही. पण माझ्यासारख्या ज्या बाया गाठोडं घेऊन निघाल्या, त्यांच्यातल्या कोणाला तरी हे झालं असेल असं वाटतं.

चंद्रपूरला पहिल्याच उन्हाळ्यात गोंधळ झाला. आमच्या गल्लीत आंध्रातून आलेला बैंगनपल्ली आंबा गाडीवर आला, आणि गावी अजून पंडुम व्हायचा होता. घरमालकीणबाईंनी प्रेमाने दोन आंबे आणून दिले. मी ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिले. गावात तेव्हा फोन एकाच जागी लागायचा, शाळेमागच्या टेकाडावर. बाजाराच्या दिवशी आत्या तिथे चढायची. मी विचारायची, "मरका झाला का?" मरका म्हणजे आंबा. ती म्हणायची, "नाई अजून." पुढच्या बाजारी पुन्हा. आणि एक दिवस ती धापा टाकत म्हणायची, "झाला व माय, झाला. खा आता." तोपर्यंत डब्यातले आंबे काळे पडलेले असायचे. पण दुसरे आणायचे आणि खायचे. दरवर्षी असंच. मीना शाळेत मैत्रिणीच्या डब्यातून आधीच खाऊन यायची. तिच्या हाताला वास यायचा. मी काही बोलत नव्हते.

सफरचंद, द्राक्षं, फुलकोबी असं एकेक करून तेरा वर्षांत आत्याने टेकाडावरून मला बरंच उघडून दिलं. बाजारात पाहिलेली वस्तू असली की तिला अडचण नसायची. ती अहेरीच्या बाजारात पुष्कळ हिंडलेली आहे.

मग आमच्या कोपऱ्यावर सलीमभाऊंचं हॉटेल आलं.

तिथे आधी पिठाची गिरणी होती. गिरणी बंद झाली, भिंती निळ्या-पांढऱ्या झाल्या आणि वर पाटी लागली, 'जैतून'. खाली बारीक अक्षरात 'मेडिटेरेनियन व तंदूर'. तो मोठा शब्द मी जाता-येता तीन दिवसांत वाचून संपवला. अर्थ कळला नाही. मीनाने सांगितलं, तो एक समुद्र आहे, चारी बाजूंनी देश आणि मध्ये पाणी. मला ते पटकन समजलं. आमच्याकडे तलावाच्या काठाने गावं असतात, तसंच. एका तलावाच्या पाण्यावर पिकतं ते सगळ्या गावांचं थोडंफार सारखंच असतं, तर त्या समुद्राकाठच्या देशांचं जेवणही तसंच असणार.

सलीमभाऊ माजरीचे. वडील कोळसा खाणीत होते. ते स्वतः बरीच वर्षं आखाताच्या एका हॉटेलात भटारखान्यात होते, आणि तिथल्या उस्तादाकडून हे जेवण शिकून आले. सहा टेबलं. लोक मुख्य करून तंदुरी आणि बिर्याणी खायला यायचे. पण भिंतीवर त्यांनी त्या समुद्राचा नकाशा लावला होता आणि गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "बिर्याणी त रोजचीच हाये भाऊ, एक बार ये चखके देखो." मी बाजारातून येताना पिशवी बदलायच्या निमित्ताने दारासमोर थांबायची. भाजलेल्या तिळाचा वास ओळखीचा होता. दुसरा एक वास यायचा, हिरवा, थोडा कडवट. तो कशाचा ते कळायचं नाही.

मीना नर्सिंगची परीक्षा पास झाली तेव्हा म्हणाली, "आई, आज स्वयंपाक नाही. मी तुम्हाला जैतूनला नेणार." माझ्या जन्मात मी कधी हॉटेलात टेबलावर बसून जेवले नव्हते. वाटेत चहा प्यायले असेन, तोही उभ्याने. मी लग्नातली साडी नेसले. मीनाच्या बाबांनी बूट पुसले.

आत गार होतं. मीनाने काय काय मागवलं. मध्यभागी एका बशीत पिवळसर लगदा आला, मधोमध खळगा, खळग्यात तेल. "हे हरबऱ्याचं आहे आई. हरबरा, तीळ, लिंबू, लसूण." हे चारही आमच्या घरी केव्हाचे उघडलेले. मी रोटीचा तुकडा पुढे केला. सहज विचारलं, "आणि तेल?" मीना म्हणाली, "जैतूनचं. म्हणजे ऑलिव्ह." आणि बाजूच्या वाटीतली काळी-हिरवी फळं दाखवली. "ह्याच फळाचं. झाडाचं असतं."

माझा हात तिथेच थांबला. झाडाच्या फळाचं तेल. आमच्या टोळीसारखं. म्हणजे हे कोणाच्या तरी झाडाचं होतं, आणि आमच्या घरात ते कोणी उघडलेलं नव्हतं.

मी हात मागे घेतला आणि कोरडी रोटी कांद्याशी खाल्ली. रोटी छान फुगलेली होती, आतून पोकळ. पोकळ का ठेवतात हेही विचारायचं होतं. सलीमभाऊंनी पाहिलं. ते उठून आले. "काऊन भाभी, खाली रोटी खाऊन राह्यल्या? काही कमी झालं का?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं तेल कमी पडलं. ते आत जाऊन डबा घेऊन आले आणि माझ्यापुढच्या बशीत मोठ्या मनाने धार सोडली. "ये खास हाये. हे पाहुण्यासाठी ठेवतो." आता तर बशीत कुठेच कोरडी जागा राहिली नाही. मीनाच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण ते माझ्याहून कमी बोलतात. त्यांनी स्वतःपुढची वाटी हळूच बाजूला सारली आणि तेही रोटीच खायला लागले.

घरी आल्यावर मीना बोलली. मोठ्याने नाही. "मी किती दिवस ठरवलं होतं आई. त्या माणसाचा चेहरा पाहिलास? तेरा वर्षं झाली, तू इथे अजून आलीच नाहीस. तुझं सगळं त्या टेकाडावरच आहे."

मी भांडी घासली. हॉटेलात जेवून आलो होतो तरी घासायला भांडी शोधली. तिचं खरं होतं. पण आत्याचंही खरं होतं. दोघींच्या मधे मी बसले होते, हातात कोरडी रोटी घेऊन.

पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा सलीमभाऊंकडून छोट्या डब्यात ती फळं मागून घेतली. मागायला मीनाच्या बाबांना पाठवलं. आत्या अंगणात होती. तिने एक फळ उचललं, डोळ्याजवळ नेलं, दूर नेलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिला आता नीट दिसत नव्हतं. तिने फळ हुंगलं, नखाने सालपट काढलं.

"हे कुठचं?"

"दूरचं. समुद्राकडचं."

"झाड केवढं राह्यते? मोहाएवढं का चारोळीएवढं?"

मला ठाऊक नव्हतं.

"फुलते कवा? अस्वल खाते का? कोनाच्या रानातलं? झाडाले कोनी मानते का नाई मानत?"

प्रत्येकाला माझं एकच उत्तर, ठाऊक नाही. आत्याने फळ डब्यात परत टाकलं. "सोमे, बंगाली लोकं आपल्याकडे राहाले आले ना, तवा त्यायनं परवल आनले. माह्या सासूनं लगेच नाई उघडले. पयले त्यायच्या वाडीत गेली, वेल पायला, त्या बाईसंगं बसली, पान खाल्लं. मंग उघडले. झाड नाई पायलं, मानूस नाई पायला, अन् म्या नावं घेऊन ठेवू? पुरखे इचारतीन, काय ठेवलं व? म्या काय सांगू? डब्यातलं हाये म्हनू?"

मला हसू आलं, तिलाही आलं. पण ती फळं तिने ठेवली नाहीत. डबा मी तसाच परत आणला.

सगळ्यात मोठी गोष्ट मी अजून लिहिलीच नाही. तिला चंद्रपूरला न्यायची होती. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि मग तिथेच ठेवून घ्यायची. ती एकटी, दिसत नाही, आणि तरी पहाटे मोहाखाली जाते. मी दर वेळी विचारायची आणि ती म्हणायची, "तिथी माहं काय काम हाये?" येताना गाडीत मला वाटलं, आत्याने इथलं एक तरी फळ तिच्या हाताने उघडलं तर तिचं इथे काम निघेल. मग ती राहील. म्हणून मला त्या झाडाची माहिती पाहिजे होती. आणि ती फक्त एका माणसाकडे होती.

दोन दिवस मी हॉटेलासमोरून गेले आणि आले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथे कोणी नव्हतं. सलीमभाऊ कोथिंबीर निवडत होते. मी आत गेले आणि बसलेच नाही, उभ्यानेच म्हणाले, "सलीमभाऊ, ते झाड केवढं असतं?"

ते दचकलेच. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला असेल.

मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगायला लागले. झाड त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. आखातात ते होत नाही. पण त्यांचा उस्ताद लेबनॉनचा, डोंगरातल्या गावचा. त्याच्या घरची झाडं खापरपणजोबांनी लावलेली. खोड इतकं म्हातारं की मधे पोकळ होतं आणि मुलं त्यात लपतात. पान वरून हिरवं, खालून राखेच्या रंगाचं. फळं पिकली की झाडाखाली कापड अंथरतात, घरचे सगळे येतात, काठीने झोडतात.

"अस्वल खातं का?"

"अस्वलाचं नाई मालूम भाभी. बकऱ्या खातात बोलला होता."

फळ झाडावरून तोडून खाल्लं तर तोंड वाकडं होतं, इतकं कडू. मिठाच्या पाण्यात कितीतरी दिवस बुडवून ठेवतात तेव्हा कुठे खाता येतं. हे ऐकून मी खुर्चीत पुढे सरकले. आमच्याकडे रानातले कडू कांदे, म्हणजे कंद, असेच टोपलीत घालून वाहत्या नाल्यात ठेवतात. "पाणी किती वेळा बदलतात? वाहतं घेतात की भांड्यातलं?" मी एका दमात दोन प्रश्न विचारले आणि नंतर मलाच नवल वाटलं.

सलीमभाऊ सांगत राहिले. "आमचा उस्ताद एकदम कडक मानूस. पन एक गंमत होती त्याची. नव्या मोसमाच्या तेलाचा डबा गावाहून आला की तो झाकन नाई काढायचा. आधी अम्मीले फोन. तिकडं घरी म्हातारीनं पहिल्या तेलात रोटी बुडवून सगळ्यांले दिली का, ते विचारायचा. ती हो म्हणाली की मग इकडे डबा खोलायचा. कधीकधी हप्ता हप्ता डबा तसाच पडून राहायचा. आम्ही पोरं लय हसायचो त्याच्यावर."

मी हसले नाही. मला तांदळाच्या डब्यातले काळे पडलेले आंबे दिसत होते.

मग मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी तेल का खाल्लं नाही ते. थांबत थांबत, पण सगळं. ते ऐकत होते, हातात कोथिंबिरीची काडी तशीच.

"बस? इतकंच?" ते म्हणाले. "अन् मी समजलो तेलाले वास येऊन राह्यला. आठ दिवस डबा हुंगत होतो भाभी मी! बायको म्हणे, पागल झाले का."

त्या बाजाराच्या दिवशी मी आत्याला फोनवर सगळं सांगितलं. झोडतात हे ऐकून तिला राग आला. "मारतात झाडाले?" मग स्वतःच म्हणाली, "टोळी पाडाले आपनबी काठी मारतोच म्हना." कडू कांद्याचं तिला पटलं. मग म्हातारीचं आणि डब्याचं सांगितलं. "कोन होती व थे म्हातारी?" तिने विचारलं. नाव मला ठाऊक नव्हतं. "बरं," ती म्हणाली. "डोये करून घेतो अन् पायतो थे झाड."

ती आली. ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ती आमच्या खोलीत खिडकीजवळ बसायची. ती जागा मी तिच्यासाठी रिकामी केली होती, पेटी हलवून. खाट टाकली. भिंतीला खिळा ठोकून तिची पिशवी अडकवली. रोज सकाळी उठून मी आधी ती पिशवी खिळ्यावर आहे का ते पाहत होते.

डॉक्टर हो म्हणाले तेव्हा आम्ही चौघं जैतूनला गेलो. आत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. सलीमभाऊंनी फोनवर झाडाचे फोटो आणून ठेवले होते, उस्तादाकडून मागवून. आत्याने चष्मा वर केला आणि फोन नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिलं. "म्हातारं हाये," ती म्हणाली. "चांगलं म्हातारं हाये. खोड पाय व सोमे, पोकय झालं तरी उभं हाये." दुसऱ्या फोटोत झाडाखाली एक बाई बसलेली होती, डोक्याला रुमाल. "हेच का थे म्हातारी?" "नाही आजी, ती गेली. ही तिची सून," सलीमभाऊ म्हणाले. "आता ही बघते सगळं."

आत्या त्या बाईकडे झाडापेक्षा जास्त वेळ पाहत होती.

बशी आली. तेल वरून घातलेलं होतं. वाटीत फळं. मी वाटी आत्यापुढे सरकवली. तिने ती माझ्याकडे परत सरकवली.

"तू उघड."

"मी?"

"झाडाचं सारं तुले ठाऊक. इचारलं तू. म्या त आत्ता फोटोत पायलं. ज्यानं इचारलं त्यानं उघडाव."

त्या क्षणी मला कळलं की ती राहणार नाही. उघडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं असतं तर ती राहिली असती. तिने ते माझ्याकडे दिलं. पण समोर वाटी होती, आणि तिघं माझ्याकडे पाहत होते, सलीमभाऊ धरून चार.

मी एक फळ घेतलं, तेलात बुडवलं, वाकून टेबलाखाली फरशीवर ठेवलं. पुरख्यांची नावं घेतली, आधी पेंटा, मग जुरी. लहानपणापासून ऐकलेली नावं. "मोठ्यानं म्हन," आत्या म्हणाली, "लय दुरून येऊन राह्यले थे, आयकू नाई जात." पलीकडच्या टेबलावर बिर्याणी खाणारे दोघं थांबून पाहायला लागले. मी मोठ्याने म्हणाले. आणि मग अडकले. पुढचं नाव सासऱ्यांचं होतं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मीनाच्या बाबांनी घसा साफ केला, पण त्यांच्याआधीच मीना म्हणाली, स्पष्ट, नर्स पेशंटला हाक मारते तशी, "लिंगा."

आत्या एवढी हसली की तिला चष्मा धरावा लागला. "पाय, नातीनं आजाले हाक मारली! आता येतेच बुढा धावत."

फरशीवरचं फळ पाहून सलीमभाऊ सवयीने फडकं घेऊन वाकले होते. अर्ध्यावर थांबले, सरळ झाले आणि ते फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

मग आम्ही खाल्लं. आत्याने फळ चावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे पिकलंच नाई! कच्चंच काऊन तोडलं?" पिवळ्या लगद्याबद्दल म्हणाली, "झुनका थंडा झाला बापा, गरम करून आना." पोकळ रोटी उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "हिच्या पोटात त काईच नाई." सलीमभाऊ म्हणाले, "आजी, ते पोट तुम्हीच भरायचं." तिने भरलं. दोन रोट्या खाल्ल्या. मी पहिल्यांदा ते तेल चाखलं. आधी हिरव्या गवतासारखं, मग घशात थोडं तिखट. टोळीच्या तेलाला जो जडपणा असतो तो नव्हता. पण दोघांत काहीतरी एक होतं, ते अजून मला शब्दात सापडलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा चाखून पाहते.

चार दिवसांनी आत्याने खिळ्यावरची पिशवी काढली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मोह पडून राह्यला असन. तिकडचं मी उघडीन, इकडचं तू उघड. दोन्हीकडं मानूस पायजे ना व." बसस्टँडवर ह्या वेळी मी खिडकीखाली उभी होते आणि ती आत. मी तिला गाठोडं दिलं. त्यात सलीमभाऊंनी दिलेली तेलाची लहान बाटली होती. तिने ती हुंगली आणि पदरात बांधली. गाडी निघताना मी झाडाबिडाकडे पाहिलं नाही. स्टँडवर झाडच नव्हतं. मी तिच्याकडेच पाहिलं.

आंब्यासाठी मी अजून टेकाडावर फोन करते. ती म्हणते "खा," तेव्हाच खाते. पण जैतूनला नवीन काही आलं की सलीमभाऊ मला बोलावून घेतात आणि मी विचारते. खजूर कोणत्या झाडाचा, झाडावर चढतात कसे, पहिला घड कोणाला देतात. त्यांना ठाऊक नसलं तर ते उस्तादाला फोन लावतात. आमच्या कोपऱ्यावर आता अशी चौकशी झाल्याशिवाय काही वाढलं जात नाही, असं सलीमभाऊ गिऱ्हाइकांना सांगतात. मी लाजते, पण जाते.

मीना आता नागपूरला आहे, मोठ्या दवाखान्यात. तिला गाडीत बसवून दिलं तेव्हा मी काही सांगितलं नाही. आत्याने मला सांगितलं होतं तसं बंधन तिच्यावर घालायचं नव्हतं. लहानपणी मैत्रिणीच्या डब्यातला आंबा खाऊन येणारी मुलगी ती. कशाला विचारेल, असंच मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. "आई, खोलीतली मैत्रीण केरळची आहे. तिच्या घरून फळं आली आहेत, लाल, वरून केसाळ. रामबुटान म्हणतात." मग थांबली. "खाऊ का?"

माझ्या तोंडात 'खा' आलं होतं. पण मी म्हणाले, "झाड केवढं असतं, विचारलं का तिला?"

"नाही."

"मग विचार. मी फोन धरून ठेवते."

तिने फोन कुठेतरी ठेवला. मी खिडकीजवळ, आत्याच्या खाटेवर बसले होते. खिळा अजून भिंतीत आहे. दूर नागपूरच्या खोलीत दोन मुली बोलत होत्या. एक आपल्या घरामागचं झाड सांगत होती, दुसरी विचारत होती. शब्द नीट कळत नव्हते. मी ऐकत राहिले.